मासळीच्या खोक्यांतली गौर

ओजस, मिहिका,

मागच्या सोमवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझा जॉब काय होता?" तुम्हाला शाळेत आजी-आजोबांच्या कामावर लिहायचं होतं. मी म्हटलं, "लोकांना फुलझाडं लावायला लावणं." मिहिका म्हणाली, "म्हणजे माळी?" नाही गं. माळी स्वतः झाडं लावतो, मी दुसऱ्यांच्या मागे लागते. "पगार?" नाही. "मग बॉस?" होत्या की, दोन! एक मासळी विकणारी आणि एक फुलं चोरणारी. तुम्ही दोघं हसलात आणि तेवढ्यात तुमची शाळेची बस आली.

त्याच आठवड्यात दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "तुमच्या कामाबद्दल लिहा." मी ठरवलं, तुम्हालाच लिहायचं. बाकीच्यांनी वाचलं तर माझी ना नाही.

आधी आमची जमीन समजून घ्या. रत्नागिरीत खणायला गेलात तर वीतभर माती लागते आणि तिच्याखाली कातळ. जांभा दगड, तांबडा, जाळीदार. त्याचे चिरे काढून घरं बांधतात. त्यातून समुद्राचा खारा वारा पानं करपवतो आणि पावसाळ्याचे चार महिने पाणी थांबत नाही. अशा गावात मी लग्न करून आले ती मुंबईच्या इंग्रजी शाळेत शिकून, आणि ट्रंकेत वडिलांनी दिलेलं बागकामाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन. त्यातली चित्रं बघून मी पॅन्सी आणि पिटुनिया पेरले. जून महिन्यात! पंधरा दिवसांत वाफ्याचं पिठलं झालं. तुमचे आजोबा म्हणाले, "छान. आता भात टाक."

मग मी पुस्तक मिटलं आणि शेजारणींच्या परसात डोकावायला लागले. तिथे अबोली होती, गुलबक्षी होती, तगर, जास्वंद, कोरांटी, अनंत. कुणीही विकत आणलेलं नव्हतं. एकीनं दुसरीला फांदी दिली आणि ती रुजली, एवढंच. मला त्या दिवशी काय आनंद झाला! या गावाला बागकाम शिकवायची गरजच नव्हती. फांदी या परसातून त्या परसात नेणारं कुणीतरी हवं होतं.

तेच माझं काम झालं. आम्ही सहाजणींनी फुलझाड मंडळ काढलं. नियम एकच, मंडळाकडून एक फांदी न्याल तर पुढच्या पावसाळ्यात दोन परत द्यायच्या. मी वही घातली. कुणी काय नेलं, रुजलं की नाही, का नाही. प्रत्येक प्रयोगाला एक पान, पानाला मधोमध रेघ, डावीकडे फायदा, उजवीकडे तोटा. मंडळातल्या बायका हसायच्या. "निर्मलावहिनींच्या वहीत जास्वंदीचंसुद्धा प्रगतिपुस्तक आहे."

दरवर्षी आम्ही अंगणांची स्पर्धा घ्यायचो. एका वर्षी एका घरी शेवंतीचं झाड पाहिलं, असं फुललेलं की मी परीक्षक असून टाळ्या वाजवल्या. जवळ जाऊन फूल हातात घेतलं तर ते हातातच आलं, मागे दोरा. बाजारातली फुलं आणून झाडाला बांधली होती! मी सगळ्यांसमोर दोरा वर धरून दाखवला. सगळे हसले, मीही. त्या बाईचं झाड आदल्याच आठवड्यात खाऱ्या वाऱ्यानं करपलं होतं, हे मला फार नंतर कळलं. त्या पुन्हा कधी स्पर्धेत आल्या नाहीत. माझ्या वहीत त्या पानावर फक्त 'अपात्र' असं लिहिलेलं आहे. ते पान मला आवडत नाही. पण तो दोरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझ्या दोन बॉस.

पहिल्या लीलाअक्का. आपल्या गल्लीत कोपऱ्यावर राहतात, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. रोज पहाटे उजाडायच्या आत हातात पिशवी आणि बांबूची आकडी घेऊन निघतात आणि ज्याच्या कुंपणाबाहेर फांदी दिसेल त्याची फुलं काढतात. ही चोरी नव्हे हं! देवाला फुलं नेणं ही चोरी नव्हे, असं अख्खं गाव मानतं. मी एकदा मंडळाच्या वाफ्यात पाटी लावली, 'फुले तोडू नयेत'. अक्कांनी वाफा साफ केला आणि आकडी पाटीला टांगून गेल्या. मी जाब विचारायला गेले तर म्हणाल्या, "निर्मल, पाटी माणसांसाठी हाय ना गो? मी कुठं माणसांसाठी नेत्येय?"

दुसऱ्या हलिमाभाभी. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, घेतात, बाजारात विकतात. त्यांचा मुलगा आखातात असतो, सून आणि नातवंडं इथे. मला त्या वहिनी म्हणतात आणि मी त्यांना भाभी. आमची ओळख झाली ती भांडणानं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बंदराच्या वरच्या अंगाला, आपली गल्ली संपते तिथे, कातळाचा एक उघडा उतार होता. लोक तिथे कचरा टाकायचे, त्यात मासळीच्या थर्माकोलच्या फुटक्या खोक्यांचा डोंगर. मला तो उतार किती वर्षं हवा होता! खालून समुद्र, वरून फुलं, डोळ्यांसमोर चित्रच उभं राहायचं. मी पालिकेत अर्ज केला. तिथले इंजिनिअर साहेब नवे होते, लातूरकडचे, तरुण, नम्र. म्हणाले, "आजी, त्या जागेवर पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करायचं ठरतंय. पण पावसाळाभर थांबतो. मी स्वतः बघायला येईन. बाग दिसली तर बागेसाठी लिहीन. नाही दिसली तर ब्लॉक. तारीख तुम्हीच सांगा."

मी डायरी उघडली. सप्टेंबरातला एक मंगळवार रिकामा होता. "सकाळी दहा," मी म्हटलं, आणि तिथल्या तिथे पेनानं लिहिलं. किती व्यवस्थित मी!

मे महिन्यात आम्ही उतारावर गेलो आणि गडी लावून कातळात खड्डे मारले, आंब्याची कलमं लावतात तसे. त्यात माती, शेणखत आणि रोपं. जूनमध्ये एक जोराची झड आली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर प्रत्येक खड्ड्यात पाणी तुडुंब, वर रोपं तरंगतायत. मी तिथेच एका दगडावर बसले. भाभी खालून बंदरावरून येत होत्या, डोक्यावर टोपली. थांबल्या.

"वहिनी, रडताव काय?"

"नाही. तुमच्या लोकांनी टाकलेली खोकी बघत्येय," मी फणकाऱ्यानं म्हटलं. राग खड्ड्यांचा होता, निघाला खोक्यांवर.

"खोकी बघा नायतर रोपं बघा. कातळात खड्डा म्हंजे बादली. बादलीत झाड लावलंत, बुडणार नाय तर काय पोहणार?" टोपली खाली ठेवून त्यांनी एक खोकं पायानं उलटं केलं. "आमच्या दारात बघा चला. अबोली हाय माझी."

मी गेले. त्यांच्या दारात दोन चिऱ्यांवर थर्माकोलचं एक खोकं ठेवलेलं, बुडाला चार भोकं, आत अबोली. अशी अबोली मी जन्मात पाहिली नव्हती! पानं काळीशार, फुलं केशरी, दाट. "खत काय घालता?" मी विचारलं. भाभी हसल्या. "खोकं. मासळीचं पाणी मुरलंय त्यात. आनखी काय घालूचा?"

मुलांनो, मी त्या संध्याकाळी घरी पळत आले, या वयात! वहीत नवं पान घातलं. फायदा: पाणी साचत नाही. फायदा: खत फुकट. फायदा: कचऱ्यातली खोकी उचलली जातात. फायदा: हलवता येतात. तोट्याच्या रकान्यात लिहायला काही सुचेना.

आठ दिवसांत आम्ही उतार साफ केला आणि साठ खोकी निवडली. बुडाला भोकं, त्यावर फुटक्या कौलांचे तुकडे, त्यावर शेतातली माती आणि शेणखत. खाली दोन दोन चिरे, म्हणजे पाणी खालून निघून जातं. भाभी रोज बंदरावरून येताना थांबायच्या आणि हुकूम सोडायच्या. "हे खोकं वाऱ्याला धरून तिरपं करा. हे नको, ह्याचा काठ मोडलाय." मंडळातल्या बायका आधी नाकाला पदर लावत होत्या, मग पदर खोचायला लागल्या. थोड्या खोक्यांत अबोली लावली आणि बाकी सगळ्यांत तेरडा. तेरडा का, तर तो पावसाळ्यात वाढतो, दीड-दोन महिन्यांत फुलतो, आणि साहेबांच्या तारखेपर्यंत आमच्याकडे तेवढाच वेळ होता.

आणि फुलला! श्रावण संपता संपता तो उतार गुलाबी झाला, जांभळा झाला, पांढरा झाला. बोटीवरून येणारे खलाशी हात करायचे. भाभी सुनेला आणि नातवंडांना घेऊन आल्या आणि "ही खोकी आपली, ही पन आपली" असं बोट दाखवत फिरल्या. मी रोज सकाळी उठून आधी उतारावर जायची आणि मगच चहा.

आणखी एक चमत्कार. एकही फूल चोरीला जात नव्हतं! लीलाअक्का रोज पहाटे उताराच्या कडेनं जायच्या, पण आकडी खाली. मी एकदा विचारलं.

"शी गो," त्या म्हणाल्या. "मासळीच्या खोक्यातलं फूल देवाला?"

मला इतका आनंद झाला! घरी येऊन वहीत लिहिलं. फायदा: चोरी होत नाही.

हे मी हलिमाभाभींना हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. टोपलीवरची ओली गोणी नीट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "अक्कांच्या घरात गौरीला दुसऱ्या दिवशी तिखटाचा नैवेद असतो. चिंबोरी लागते. वीस वर्सं माझ्याकडनं नेतात, मोठी बघून. माझी चिंबोरी गौरीला चालते आनि माझ्या खोक्यातलं फूल चालत नाय?"

मी म्हटलं, "अहो, तेच तर आपलं कुंपण आहे. बाग वाचतेय ना?"

"वाचतेय," त्या म्हणाल्या आणि टोपली उचलून गेल्या.

मी त्यांच्या पाठीकडे बघितलं नाही. मी तेरडा मोजत होते.

गणपती आले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की साहेबांचा मंगळवार हा गौरी आणायचा दिवस आहे. डायरीत तिथ्या नव्हत्या ना! पण मी काही घाबरले नाही. उलट म्हटलं, बरं झालं, सणाचा दिवस, उतार फुलांनी भरलेला. तुम्हाला आठवत असेल, आपल्या घरी खड्यांच्या गौरी. सकाळी विहिरीजवळचे सात खडे आणायचे की झालं. पण आपल्या गल्लीत बाकी बहुतेक घरांत गौर तेरड्याची. तेरड्याची रोपं मुळासकट उपटून आणतात, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. त्यांची जुडी बांधायची, साडी नेसवायची, दागिने घालायचे. इतकी वर्षं मी ते बघत आले होते आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही! गल्लीतल्या बायका दरवर्षी वरच्या सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्याच्या मोकळ्या कातळावरून, रानतेरडा आणायच्या. त्या वर्षी सड्यावर जेसीबी लागला होता. तेरड्याच्या जागी चिखल.

मंगळवारी सकाळी आठ वाजता मी इस्त्रीची साडी नेसून, वही काखेत घेऊन उतारावर गेले. साठ खोक्यांतली दहा अबोलीची होती, ती होती. बाकीच्या पन्नास खोक्यांत फक्त माती. भोकं पडलेली, ओली माती. एक रोप शिल्लक नाही!

आणि मधोमध एका उलट्या खोक्यावर हलिमाभाभी बसलेल्या. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. चेहरा असा, की ईदचा चंद्र त्यांनाच आधी दिसलाय.

"कुणी नेली?" मी ओरडले.

"मी दिली."

"दिली? भाभी, दहा वाजता साहेब येणार! बाग दिसली नाही तर ब्लॉक टाकणार, तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत हाय की. पन अक्का उभ्या होत्या गो वहिनी, हात रिकामे. सड्यावरनं चिखलातनं तशाच परत आल्या. बोलल्या, हलिमा, माझ्या गौरीला तुझा तेरडा देशील काय?" त्या उठून उभ्या राहिल्या. "मागितला त्यांनी. त्यांच्या तोंडानं! मी काय बोलू? थांबा, साहेब येऊन जाऊ दे?"

"आणि बाकीची?"

"अक्कांनी फोन केले ना. खालच्या आळीतल्या आल्या, वरच्या आल्या. मी एकेकीला मुळं धरून काढून दिलं. एक पाऊल मोडलं नाय."

मी काय केलं सांगू? मी घड्याळ बघितलं. दोन तास होते. बाजारात जाऊन फुलं आणायची, अबोलीच्या झुडपांत खोचायची, काड्यांना बांधायची, असा विचार माझ्या मनात आला. दोरा! ज्या दोऱ्यासाठी मी एका बाईला सगळ्यांसमोर हसले होते, तोच दोरा मी मनातल्या मनात कापायला लागले होते. मी त्या उलट्या खोक्यावर बसले. भाभी माझ्या शेजारी टेकल्या. खाली बंदरात बोटी सणासाठी पताका लावून उभ्या होत्या.

साहेब दहाला पाच मिनिटं कमी असताना आले. व्यवस्थित माणूस. त्यांनी उताराकडे बघितलं, खोक्यांकडे बघितलं, हातातल्या ब्लॉकच्या कागदाकडे बघितलं.

"आजी, बाग...?"

मी वही उघडून काहीतरी सांगायला लागले, तेवढ्यात गल्लीतून हाक आली. लीलाअक्का, नऊवारी नेसून, हातात तबक.

"बाग माझ्या घरात येत्येय! ब्लॉकवाले साहेब तुमीच काय? चला, पाया पडायला चला. निर्मल, तू पन चल. उभी काय ऱ्हायलीस खांबासारखी?"

साहेब गोंधळले. "आमच्याकडे मुखवट्यांच्या महालक्ष्म्या असतात," ते मला हळूच म्हणाले. मी म्हटलं, "इथे बघा."

अक्कांच्या दारात सून सुपात तेरड्याची जुडी घेऊन उभी होती. ओली मुळं, त्यांवर अजून आमच्या खोक्यांतली माती, वर गुलाबी फुलांचा भार. उंबऱ्यापासून आत कुंकवाची पावलं काढलेली. अक्कांनी सुनेच्या पायांवर दूध-पाणी घातलं आणि रिवाजाप्रमाणे आतून कुणीतरी विचारलं, "कोण आली?"

"गौर आली!" सगळ्या बायका म्हणाल्या.

"कशाच्या पावलांनी आली?"

इथे उत्तर ठरलेलं असतं, सोन्याच्या पावलांनी. अक्कांनी दुधाचा तांब्या खाली ठेवला. मग मान वर करून ठणकावून म्हणाल्या, "ह्या वर्साला मासळीच्या पावलांनी आली!"

काय हशा पिकला! सुपातली गौरसुद्धा हलली. सगळ्यांत मोठा आवाज गल्लीतून आला. हलिमाभाभी फाटकाबाहेर उभ्या होत्या, मातीचे हात पदराला पुसत.

"अगो, तू भायेर काय करतेस?" अक्का ओरडल्या. "तुझ्याकडनंच उठून आलीय ती. आत ये, बघ तरी कशी दिसतेय."

"हातांना वास हाय माझ्या."

"उद्या चिंबोऱ्या घेऊन येशील तेव्हा काय अत्तराचा असतो? ये म्हणतेय ना!"

भाभी आत आल्या. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि गौरीला साडी नेसवून होईपर्यंत हलल्या नाहीत. एकदाच बोलल्या, "डावीकडचं रोप जरा वर घ्या. ते माझ्या सुनेनं लावलेलं हाय."

मी साहेबांना त्यानंतर आणखी सहा घरांत नेलं. नेलं म्हणजे काय, बायका ओढूनच नेत होत्या. प्रत्येक घरात पाटावर तीच, उतारावरची. कुठे हिरवी पैठणी, कुठे साधी सुती साडी, डोक्याशी तोच गुलाबी-जांभळा तेरडा. प्रत्येक घरात साहेबांच्या हातावर करंजी. सातव्या घरातून बाहेर पडताना त्यांच्या शर्टाच्या खिशात दोन करंज्या होत्या आणि कागदाला तेल लागलं होतं. तो कागद त्यांनी उताराच्या कडेला उभं राहून पुन्हा एकदा वाचला आणि घडी करून खिशात घातला. करंज्यांच्याच खिशात.

"आजी," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी पन्नास खोकी पुरणार नाहीत."

बस. ब्लॉक दुसरीकडे गेले. आता त्या उतारावर दीडशे खोकी आहेत आणि त्यांतली निम्मी गौरीची म्हणून वेगळी ठेवतो. ती फुलली की कुणी हात लावत नाही, अक्काही नाहीत, आणि गौरीच्या सकाळी हलिमाभाभी स्वतः उपटून देतात. दुसऱ्या कुणी उपटलेलं त्यांना चालत नाही. मुळं मोडतात म्हणे.

त्या दिवशी संध्याकाळी मी वही काढली. तारीख लिहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशेजारी तिथीही लिहिली. मग जूनचं ते पान उघडलं. फायद्याच्या रकान्यात माझ्या सुवाच्य अक्षरात होतं, 'चोरी होत नाही.' ते मी दोन रेघा मारून खोडलं. भाभी टोपली उचलून गेल्या होत्या, तेव्हा मी तेरडा मोजत होते. त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची ते मला अजून कळलेलं नाही.

पण खोडलेल्या ओळीच्या खाली, त्याच फायद्याच्या रकान्यात, मी लिहिलं, 'गौर आली.'

तुमच्या शाळेच्या कागदावर माझ्या जॉबसमोर एवढंच लिहा.

तुमची,
आजी